फेअरनेस लावला तरी एक प्रोसेस उपाशीच: मॉडेल चेकर पुन्हा पुन्हा तेच प्रतिउदाहरण दाखवतो तेव्हा

मॉडेल चेकर म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्य वाटचाली तपासून, गुणधर्म मोडणारी सापडली तर ती प्रतिउदाहरण म्हणून दाखवणारं साधन. लक्षण असं दिसतं. चॅनेलवरून एकमेकींशी बोलणाऱ्या दोन-तीन प्रोसेसचं मॉडेल लिहून झालं. डेडलॉक नाही, म्हणजे सगळेच एकमेकांसाठी अडून थांबत नाहीत. एका वेळी एकालाच संसाधन मिळतं, हेही तपासून झालं. मग ‘ज्याने मागितलं त्याला केव्हा तरी मिळतंच’ हा गुणधर्म चालवला, की स्पिन हे साधन ‘ॲक्सेप्टन्स सायकल’ (गुणधर्म मोडणारं वर्तुळ) सापडली म्हणून थांबतं, किंवा टीएलए प्लस भाषेचं साधन टीएलसी ‘टेम्पोरल प्रॉपर्टीज वेअर व्हायोलेटेड’ असं सांगतं. ट्रेस, म्हणजे त्या वाटचालीची नोंद, उघडून पाहावा तर एक प्रोसेस गोल गोल फिरते आहे आणि दुसरी मागणी करून तिथेच उभी आहे. कुणी तरी सांगतं, फेअरनेस लाव, म्हणजे कुणालाही कायमचं डावललं जाणार नाही असं गृहीत धर. लावला, तरी तेच.

इंदुरात आमचा मराठी मुलांचा एक छोटा अभ्यासगट आहे. नवीन तुकडी आली की हा प्रश्न येतोच: ‘ताई, फेअरनेस चालू केला, तरी जात नाही.’ प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे. लक्षण एकच असलं तरी कारणं वेगवेगळी असतात, आणि आपलं कारण कुठलं हे न पाहता पर्याय चालू-बंद करत बसलं की दिवस जातो. शिवाय गुणधर्म कधी कधी भलत्याच कारणाने ‘पास’ होतो, आणि ते जास्त घातक आहे.

उदाहरणाला आपल्याकडचंच मॉडेल घेऊ. एक टाकी, एक व्हॉल्व्ह, दोन वस्त्या. त्यांना रामबाग आणि सुदामा नगर म्हणू. खरी पाइपलाइन तशी आहे असा दावा नाही, ही फक्त नावं. व्हॉल्व्ह एका वेळी एकाच वस्तीला जोडता येतो. प्रत्येक वस्तीच्या तीन पायऱ्या: मागणी, जोडणी, सोडणे. जोडणी ही वस्ती आणि व्हॉल्व्ह यांची एकत्र पायरी आहे. दोघं तयार असतील तरच ती होते. होर यांच्या १९७८ च्या सीएसपीत आणि मिल्नर यांच्या १९८० च्या सीसीएसमध्ये, म्हणजे एकमेकींशी बोलणाऱ्या प्रोसेसचं वर्णन करायच्या दोन पद्धतींत, संवाद असाच असतो, समोरासमोर हात मिळवल्यासारखा. सगळी गोम या ‘एकत्र’ पायरीत आहे.

आधी ट्रेसचा फिरता भाग वाचा

प्रतिउदाहरणाचे दोन भाग असतात: सुरुवातीचा सरळ भाग आणि मग अनंत वेळा फिरणारं वर्तुळ. स्पिन ट्रेसमध्ये ‘स्टार्ट ऑफ सायकल’ अशी खूण छापतं. टीएलसी शेवटी ‘बॅक टू स्टेट’ म्हणून क्रमांक देतं. सरळ भाग सध्या सोडून द्या. वर्तुळातली प्रत्येक स्थिती घ्या आणि कागदावर एकच गोष्ट लिहा: उपाशी प्रोसेसची पुढची पायरी या स्थितीत शक्य होती की नव्हती?

तीन उत्तरं येऊ शकतात. वर्तुळातल्या सगळ्या स्थितींत शक्य होती. काहींत होती, काहींत नव्हती. किंवा एकाही स्थितीत नव्हती. तिसरं उत्तर आलं तर उपाशी प्रोसेसच्या पायरीवर फेअरनेस लावून उपयोगच नाही. चूक दुसरीकडे आहे: कुणी तरी संसाधन सोडतच नाही, किंवा अट चुकीची लिहिली आहे. त्या पायरीवर फेअरनेस लावत बसू नका. पहिल्या दोन उत्तरांतला फरक म्हणजेच वीक आणि स्ट्राँग फेअरनेसमधला फरक (दोन्हींचा अर्थ पुढे येतो).

टीएलसीच्या ट्रेसमध्ये शेवटची ओळ ‘स्टटरिंग’ असेल तर प्रश्न याच्याही आधीचा आहे. टीएलए प्लसमध्ये काहीच न करणारी पायरी नेहमी वैध असते. फेअरनेस अजिबात लिहिला नसेल, तर सगळी व्यवस्था पहिल्याच स्थितीत कायमची गोठून राहणं हीसुद्धा नियमात बसणारी वाटचाल ठरते. इथे बहुतेक जण पूर्ण ‘नेक्स्ट’वर, म्हणजे सगळ्या पायऱ्या ‘किंवा’ने जोडणाऱ्या सूत्रावर, वीक फेअरनेस लावतात. स्टटरिंग जातं आणि लगेच दुसरं प्रतिउदाहरण येतं, रामबाग फिरते आहे आणि सुदामा नगर उभं आहे. यात साधनाचा दोष नाही. ‘नेक्स्ट’वरचा वीक फेअरनेस एवढंच म्हणतो की काहीतरी होणं शक्य असेल तर काहीतरी होत राहील. ते ‘काहीतरी’ दरवेळी रामबागेचंच असलं तरी वचन पाळलं जातं. फेअरनेस पायरीगणिक वेगळा लिहावा लागतो.

वीक पुरत नाही, ते का

वीक फेअरनेस म्हणतो: एखादी पायरी एका क्षणापासून पुढे सतत शक्य राहिली, तर ती केव्हा तरी घडेल. स्ट्राँग म्हणतो: ती पायरी अनंत वेळा शक्य होत राहिली, मध्ये मध्ये अशक्य झाली तरीही, तर ती घडेल. लेहमन, प्नुएली आणि स्तावी यांनी १९८१ मध्ये या छटा वेगळ्या केल्या. पुस्तकं पहिलीला ‘जस्टिस’ही म्हणतात.

आता वर्तुळ पाहा. रामबाग मागते, जोडली जाते, सोडते, पुन्हा मागते. सुदामा नगर मागणी करून उभं आहे. व्हॉल्व्ह मोकळा असतो तेव्हा सुदामाची जोडणी शक्य असते. व्हॉल्व्ह रामबागेकडे गेला की ती अशक्य होते. सुटला की परत शक्य. म्हणजे सुदामाची जोडणी सतत शक्य कधीच नसते, आणि वीक फेअरनेसची अटच लागू होत नाही. त्यामुळे ते प्रतिउदाहरण वीक फेअरनेसच्या नियमाने पूर्ण वैध आहे. तुम्ही पर्याय लावलात, साधनानेही तो पाळला. तो या ठिकाणी बोलतच नाही, इतकंच.

समोरासमोरच्या संवादात हे जवळपास प्रत्येक मॉडेलमध्ये होतं. समोरची प्रोसेस दुसऱ्याशी बोलायला गेली की तुमची पायरी अशक्य होते. म्हणून सामायिक सर्व्हर असलेल्या मॉडेलमध्ये पहिला संशय इथे घ्यावा असं माझं मत आहे.

तुलनेसाठी, टाकीजवळ आणखी एक पंप आहे असं समजा. तो फक्त आपल्या मीटरशी बोलतो, व्हॉल्व्हशी त्याचा संबंध नाही. ट्रेसमध्ये पंप कायम उभा दिसला, तर त्याची पायरी वर्तुळभर शक्यच होती. तिथे वीक फेअरनेस पुरतो. खरं तर त्याहूनही कमी गृहीत धरून चालतं. व्हान ग्लाबेक आणि ह्योफ्नर यांनी २०१९ च्या आपल्या सविस्तर आढाव्यात ‘जस्टनेस’ नावाची अट मांडली आहे: एखादी पायरी ज्या घटकांवर अवलंबून आहे त्यांपैकी कुणीच दुसरीकडे गुंतला नाही, तर ती पायरी अडून राहणार नाही. पंप आणि मीटरला दुसरं कुणी हात लावत नाही, म्हणून तिथे हे गृहीतक अगदी सुरक्षित आहे. सुदामाच्या जोडणीबाबत तसं म्हणता येत नाही, कारण व्हॉल्व्ह खरोखर दुसरीकडे गुंततो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या बाबतीत आपण जगाबद्दल जवळपास काहीच मागत नाही. दुसऱ्या बाबतीत कुणीतरी न्यायाने वाटप करेल, असं मागतो आहोत.

कुठल्या पायरीवर काय लावायचं

सरसकट सगळीकडे स्ट्राँग फेअरनेस लावून ‘पास’ मिळवणं, हा सगळ्यात जास्त दिसणारा चुकीचा उपाय आहे. आपल्या मॉडेलमध्ये तीन पायऱ्यांना तीन वेगळी उत्तरं आहेत.

मागणीवर काहीच लावू नका. रामबागेने पाणी मागितलंच पाहिजे असं बंधन कुणावर नाही. मागणीवर फेअरनेस लावला की तुम्ही फक्त अशाच वाटचाली तपासता, ज्यांत दोन्ही वस्त्या अखंड मागत राहतात. एखादी वस्ती कायमची गप्प बसली, तर दुसरीचं काय होतं, हे तपासलंच जात नाही. पाळी आळीपाळीने सक्तीने देणारा चुकीचा अल्गोरिदम नेमका तिथेच पकडला जातो, आणि तो तुमच्या हातून सुटतो.

सोडण्यावर वीक लावा. जोडलेली वस्ती व्हॉल्व्ह सोडू शकते, आणि तिला दुसरं कुणी अडवत नाही. ही पायरी सतत शक्य आहे, म्हणून वीक पुरतो. हा विसरला तर रामबाग व्हॉल्व्ह धरून बसते आणि तिसऱ्या प्रकारचं प्रतिउदाहरण येतं.

जोडणीवर स्ट्राँग, आणि प्रत्येक वस्तीच्या जोडणीवर वेगळा. ‘रामबाग जोड किंवा सुदामा जोड’ अशा एकत्र पायरीवर स्ट्राँग लावलात तर रामबागच पुन्हा पुन्हा जोडली जाऊन अट पुरी होते, आणि सुदामा तिथेच राहतं. ‘किंवा’ आत घातलेला एक फेअरनेस आणि ‘आणि’ने जोडलेले दोन फेअरनेस या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

प्लसकॅल, म्हणजे टीएलए प्लसमध्ये रूपांतर होणारी सोपी भाषा, वापरत असाल तर ‘फेअर प्रोसेस’ लिहिल्यावर सगळ्या लेबलांना (नाव दिलेल्या पायऱ्यांना) वीक मिळतो. स्ट्राँग हवा त्या लेबलापुढे अधिकचं चिन्ह द्या. मागणीसारख्या पायरीला सूट हवी तर वजाचं. हे वजाचं चिन्ह बरेच जण वापरत नाहीत, आणि मागणीवर नकळत सक्ती होऊन बसते.

स्पिनमध्ये

स्पिनने तयार केलेल्या व्हेरिफायरला, म्हणजे तपासणाऱ्या प्रोग्रामला, ‘एफ’ पर्याय दिला की वीक फेअरनेस लागतो, आणि तोही प्रोसेसच्या पातळीवर: जी प्रोसेस सतत काहीतरी करू शकते, ती केव्हा तरी काहीतरी करेल. स्ट्राँग फेअरनेसचा तयार पर्याय स्पिनमध्ये नाही. हे माहीत नसल्यामुळे मुलं ‘एफ’वरच अडकून राहतात.

मॉडेलमध्ये शून्य क्षमतेचं, म्हणजे समोरासमोरच्या संवादाचं ‘रांदेव्हू’ चॅनेल असेल आणि ‘एफ’ दिलात, तर व्हेरिफायर पार्शल ऑर्डर रिडक्शनशी (सारख्याच ठरणाऱ्या वाटचाली वगळण्याच्या युक्तीशी) हे जुळत नाही असं सांगून थांबतो. त्याने सांगितल्याप्रमाणे ‘नोरिड्यूस’ व्याख्या देऊन पुन्हा कंपाइल करा. स्थितींची संख्या वाढेल, ते स्वीकारा. ‘एफ’मुळे शोधाचा वेळही प्रोसेसच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आधी दोन वस्त्यांवर सगळं जुळवा, मग तिसरी घाला.

स्ट्राँग हवा असेल तर तो एलटीएलच्या (‘नेहमी’, ‘केव्हा तरी’ असं मांडणाऱ्या तर्कभाषेच्या) सूत्रात अट म्हणून लिहा: ‘जोडणी अनंत वेळा शक्य असेल तर ती अनंत वेळा घडते’ हे गृहीतक, आणि त्यावरून तुमचा गुणधर्म. किंवा मॉडेलच बदला, आणि मला हा मार्ग जास्त आवडतो. मागण्या एका सामायिक बफर असलेल्या चॅनेलमध्ये टाका, व्हॉल्व्ह पुढून एकेक उचलेल. उत्तर मिळेपर्यंत कुणी दुसरी मागणी टाकत नाही असं ठेवा. आता क्षमता २ असेल तर रामबागेची फार तर एक मागणी आत असते, म्हणजे सुदामासाठी जागा कायम असते. सुदामाचं पाठवणं सतत शक्य झालं, आणि साधा ‘एफ’ पुरला. क्षमता १ ठेवलीत तर रामबागेची मागणी आत असताना सुदामाचं पाठवणं अडतं, व्हॉल्व्हने उचलली की मोकळं होतं, पुन्हा अडतं. परत स्ट्राँगची गरज. एका आकड्याने गृहीतकाची जात बदलते, हे हाताने करून बघा. गटात हा प्रयोग झाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

चॅनेल संदेश हरवतं तेव्हा

अल्टरनेटिंग बिट प्रोटोकॉल (पोचपावती येईपर्यंत संदेश पुन्हा पुन्हा पाठवण्याचा नियम) १९६९ पासूनचा आहे, आणि अजूनही प्रत्येक विद्यार्थी त्यात एकदा अडकतो. चॅनेलची प्रोसेस संदेश घेते आणि ‘पोहोचव’ किंवा ‘हरव’ यांतलं एक निवडते. प्रतिउदाहरणात ती दरवेळी ‘हरव’ निवडते. ‘एफ’चा काही उपयोग नाही, कारण चॅनेल प्रोसेस थांबलेली नाही, ती काम करतेच आहे. प्रोसेसच्या पातळीवरचा फेअरनेस तिच्या आतल्या निवडीबद्दल काही म्हणत नाही.

इथे गृहीतक असं हवं: अनंत वेळा पाठवलं तर अनंत वेळा पोहोचतं. टीएलए प्लसमध्ये हा ‘पोहोचव’ पायरीवरचा स्ट्राँग फेअरनेस. वीक चालत नाही, कारण संदेश हरवला की ‘पोहोचव’ अशक्य होते. आणि संदेशाच्या दिशेला एक, पोचपावतीच्या दिशेला दुसरा, असे दोन वेगळे लावा. सोबत पाठवणाऱ्याच्या ‘पुन्हा पाठव’ पायरीवर वीक हवा. तो नसेल तर चॅनेल कितीही न्यायी असूनही त्यात काही येतच नाही.

एकाच मॉडेलला दोन साधनांची दोन उत्तरं

हा प्रश्न कमी येतो, पण आला की मुलं फार घाबरतात. एफडीआर या सीएसपीच्या साधनात रामबागेच्या घटना लपवल्या की तिचं वर्तुळ अखंड आतल्या आत चालणारं काम बनतं आणि साधन ‘डायव्हर्जन्स’ म्हणून नापास करतं. सीएसपीच्या नेहमीच्या अर्थमांडणीत फेअरनेस नाही. तेच मॉडेल सीसीएसच्या पद्धतीने वीक बायसिम्युलेशनने, म्हणजे दोन मॉडेल बाहेरून सारखी वागतात का या तुलनेने, तपासलं तर पास होतं, कारण जिथून बाहेर पडायची वाट नेहमी उघडी आहे असं आतलं वर्तुळ ती तुलना मोजतच नाही. म्हणजे ‘केव्हा तरी बाहेर पडेल’ हे फेअरनेसचं गृहीतक तुलनेच्या व्याख्येतच शिरलेलं आहे, तुम्ही कुठेही न लिहिता. एमसीआरएल२ या साधनात डायव्हर्जन्स जपणारं ब्रँचिंग बायसिम्युलेशन वेगळं निवडता येतं. गुणधर्म ‘केव्हा तरी होतंच’ अशा प्रकारचा असेल तर तेच निवडा.

पास झालं, पण विश्वास ठेवू नका

एलटीएलमध्ये गृहीतक लिहिलं असेल तर पहिली शंका ही, की जे सिद्ध करायचं तेच तुम्ही गृहीत धरलं आहे का? ‘सुदामाला अनंत वेळा पाणी मिळतं’ ही अट घालून ‘सुदामाला पाणी मिळतं’ सिद्ध होणारच. अटीत ‘शक्य असेल तर’ हा भाग आहे ना, ते पाहा.

दुसरी शंका, गृहीतक पुरं करणारी वाटचालच अस्तित्वात नसेल. मग कुठलाही गुणधर्म पास होतो. तपासायला ‘केव्हा तरी व्हॉल्व्ह एकाच वेळी दोन्ही वस्त्यांना जोडलेला असतो’ असा उघड खोटा गुणधर्म त्याच फेअरनेसखाली चालवा. तो नापास झाला पाहिजे. पास झाला तर तुमची गृहीतकं परस्परविरोधी आहेत. हा गुणधर्म ‘केव्हा तरी’च्या रूपातच लिहा. टीएलसी इन्व्हेरियंट (प्रत्येक स्थितीत खरी असायला हवी अशी अट) तपासताना फेअरनेस विचारात घेतच नाही, त्यामुळे इन्व्हेरियंट वापरून ही चाचणी होत नाही. ‘नेक्स्ट’मध्ये खरोखर असलेल्या पायऱ्यांवरच वीक-स्ट्राँग लावलेत, तर असा विरोध उद्भवत नाही. तो येतो स्वतंत्रपणे रचलेल्या सूत्रांतून.

टीएलसीत स्थिती मर्यादित ठेवणारी अट घातली असेल तर कापलेल्या भागातली वर्तुळं दिसत नाहीत. सिमेट्री (सारख्या प्रोसेसची अदलाबदल एकच मानण्याची सवलत) लावली असेल तर अशा गुणधर्मांचं उत्तर चुकू शकतं. ‘केव्हा तरी’ तपासताना दोन्ही काढून टाका.

हे वचन पाळणार कोण

संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचा फेअरनेसला आक्षेप होता: कुठलाही मर्यादित काळ निरीक्षण करून हे वचन मोडलं असं दाखवता येत नाही, मग ते बांधणाऱ्यावर बंधन कसलं? मला हा आक्षेप गंभीर वाटतो, तरी फेअरनेस टाकून द्यावा असं वाटत नाही. मात्र मॉडेलमधल्या प्रत्येक फेअरनेसच्या ओळीसमोर खऱ्या प्रणालीत ती कोण पाळणार, हे टिपणीत लिहायला मी मुलांना लावते. वीकसमोर बहुधा ‘ऑपरेटिंग सिस्टीमचा शेड्युलर’ असं येतं आणि ते चालतं. स्ट्राँगसमोर शेड्युलर लिहून भागत नाही.

जावा भाषेच्या रीएंट्रंटलॉक या कुलपात न्यायी वाटप मुद्दाम मागावं लागतं, आपोआप मिळतं ते न्यायी नसतं. मागितल्यावरही वेळमर्यादा न देता केलेला ‘ट्रायलॉक’ रांग मोडून आत शिरतो. गो भाषेच्या ‘सिलेक्ट’मध्ये एकापेक्षा जास्त संवाद तयार असतील तर त्यांतला एक समान संभाव्यतेने यादृच्छिक निवडला जातो. जोडणीवरच्या स्ट्राँगला हा बऱ्यापैकी आधार आहे. ऑकम भाषेच्या ‘प्राय ऑल्ट’ या निवडीमध्ये अग्रक्रम ठरलेला असतो, म्हणजे खालच्या चॅनेलवर स्ट्राँग गृहीत धरणं सरळ चूक.

शेवटी गरजच नीट पाहा. फेअरनेस फक्त ‘केव्हा तरी’ देतो. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून आणून एक दिवसाआड मिळणाऱ्या आमच्या इंदुरात ‘केव्हा तरी’ पुरत नाही, दिवस ठरलेला लागतो. तुमच्या गरजेत ‘मागितल्यावर जास्तीत जास्त २ पाळ्यांत’ असं असेल, तर फेअरनेसच्या मागे न लागता मॉडेलमध्ये एक मोजणी घाला: सुदामा थांबलेलं असताना रामबाग किती वेळा जोडली गेली. ती २ च्या वर जात नाही हा साधा इन्व्हेरियंट आहे. तो तपासायला फेअरनेस लागत नाही, प्रतिउदाहरण मर्यादित लांबीचं मिळतं, आणि चालू प्रणालीच्या लॉगमध्येही तो मोडला की दिसतो. वरच्या पहिल्या मॉडेलमध्ये, रांग नसताना, तो लगेच मोडतो. स्ट्राँग फेअरनेस लावूनसुद्धा मोडतो. क्षमता २ च्या रांगेत सुदामाची मागणी एकदा आत पोहोचली की तिच्यापुढे रामबागेची फार तर एकच मागणी उरते. मोजणी मागणी मनात आल्यापासून सुरू करायची की रांगेत शिरल्यापासून, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवून मॉडेलमध्ये लिहा, कारण पहिल्या अर्थाने पाठवण्याआधीच रामबाग कितीही वेळा पुढे जाऊ शकते.